गार धूर, तेच विष

प्रश्न : धाकटा भाऊ बिद्रीच्या साखर कारखान्यावर आहे. हल्ली तो फिल्टरमधली गोळी ‘टक्’ करून फोडायची सिगारेट ओढतो. घसा जळत नाही, खोकलाही कमी झाला, म्हणजे ही सौम्यच, असं त्याचं म्हणणं. खरं का?
– एक वाचक, बिद्री

उत्तर : खोकला कमी झाला, हीच मला काळजीची गोष्ट वाटते. त्या गोळीत बहुधा मेन्थॉल असतं. गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना ते चेतवतं आणि धुराची जळजळ दबते. धूर थंड होत नाही. टार, कार्बन मोनॉक्साइड, निकोटिन आहे तिथंच आहे. घसा कुरकुरत नाही म्हणून झुरका निर्धास्त घेतला जातो. नवख्या पोराला तर पहिला ठसकाच लागत नाही, आणि तो ठसका पुष्कळांना वाचवतो!

युरोपीय संघाने मे २०२० पासून मेन्थॉल सिगारेटवर बंदी घातली. कॅलिफोर्नियात बंदी आल्यावर पुदिन्याचा वास नसलेली, पण गारवा देणारी कृत्रिम रसायनं घातलेल्या सिगारेटी बाजारात आल्या. कंपन्यांना विकायचा आहे तो गारवाच, हे त्यावरून कळावं. आपल्याकडे अशी बंदी नाही.

भावाला साध्या सिगारेटवर परत नेऊ नका, त्यात काही मिळवणं नाही. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागते का, ते विचारा. लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे. नुसत्या निश्चयावर न विसंबता डॉक्टरांकडून निकोटिन गम किंवा औषध घ्यावं. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.