कृतज्ञता

विद्यार्थी मित्रांनो, कोणी आपल्याला मदत केली, तर आपण उर्दूत 'शुक्रिया' म्हणतो. मराठीत आपण 'आभार' मानतो. पण मराठीत याहून मोठा एक शब्द आहे. तो म्हणजे 'कृतज्ञता'. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले, हे जो जाणतो, तो कृतज्ञ. जो ते विसरतो, तो कृतघ्न. उर्दूत त्याला 'एहसान फरामोश' म्हणतात.

जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ नीट कळतो. कर्करोगातून बरा झालेला रुग्ण डॉक्टरांना दुवा देतो. रात्रभर उशाशी जागणाऱ्या परिचारिकेलाही तो विसरत नाही. असेच ऋण आपल्या महाड-पोलादपूर भागातील अनेक घरांवर आहे. तेथे शत्रू कर्करोग नव्हता. तो होता लाल विंचू. त्या घरांसाठी कोणी काय केले, ते आज जाणून घेऊ या.

महाड औद्योगिक वसाहतीच्या शेजारी बिरवाडी हे गाव आहे. १९७६ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. ते जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबातून आले होते.

कोकणात दगडांखाली, गवतात, लाकडांच्या ढिगात लाल विंचू दडून बसतो. त्याचा डंख झाला की कित्येकदा मूल घामाने भिजून जाई. त्याला उलट्या होत. हातपाय थंड पडत. मग श्वास लागे आणि तोंडातून फेस येई. घरचे लोक आधी मांत्रिकाकडे धाव घेत. त्यात मोलाचे तास निघून जात. दवाखान्यात आणले, तरी खात्रीचा इलाज नव्हता. विष अंगात भिनलेल्या १०० रुग्णांपैकी ३० ते ४० रुग्ण दगावत.

डॉ. बावस्करांनी हार मानली नाही. ते रुग्णाजवळ तासन्‌तास बसत. नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवत. विषाचा घाला हृदयावर पडतो, हे त्यांनी ओळखले. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वाढतो. हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. त्यांचे हे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पुढचे शिक्षण घेऊन ते पुन्हा याच भागात परतले. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध त्यांनी आधी सलाईनमधून देऊन पाहिले. ते देताना क्षणभरही नजर हटवून चालत नसे. मग त्यांनी 'प्रॅझोसिन' ही रक्तदाबावरची गोळी वापरली. ती स्वस्त होती आणि कोणत्याही खेड्यात देता येत होती. १९८६ साली हा उपाय 'लॅन्सेट'मधून जगापुढे आला. वेळेवर उपचार झाले, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा १ पर्यंत खाली आले! त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या सोबत होत्या. गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिली, तर रुग्ण लवकर बरा होतो, हे दोघांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिंमतरावांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे ज्ञान रुग्णांच्या उशाशी मिळाले. जी मुले वाचली नाहीत, त्यांच्या नोंदींनीही पुढच्या मुलांचे प्राण वाचवले. म्हणून त्या मुलांचेही आपल्यावर ऋण आहे.

हे ऋण कसे फेडायचे? डॉक्टरांना हार घालणे चांगलेच. पण त्याहून मोठी परतफेड तुमच्या हातात आहे. शेजारी कोणाला विंचू चावला, तर 'आधी दवाखान्यात चला,' असे तुम्ही ठामपणे सांगा. जखम कापू देऊ नका. झाडफुकीत वेळ घालवू देऊ नका. एक जीव वाचला, तर तीच खरी कृतज्ञता.

शब्दार्थ

ऋण – कर्ज, एहसान
दगावणे – मरण पावणे
परिचारिका – नर्स
आकसणे – आखडणे, लहान होणे
प्रतिविष – विषाचा परिणाम कमी करणारे औषध

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. बावस्कर बिरवाडीला कोणत्या साली रुजू झाले?
(आ) लाल विंचवाच्या विषाचा घाला कोणत्या अवयवावर पडतो?

२. कारणे द्या.
(अ) प्रॅझोसिनची गोळी खेड्यांसाठी सोयीची ठरली.
(आ) मांत्रिकाकडे जाणे घातक ठरते.

३. 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

४. आजारपणात तुमच्या घरच्यांची सेवा करणाऱ्या एका व्यक्तीला पाच ओळींचे आभारपत्र लिहा. तिने नेमके काय केले, ते त्यात जरूर लिहा.