चारचौघांतली विचारणा



मागे एका लग्नसमारंभात एका तरुण मुलीने मला विचारले, "सर, मानवी हक्कांच्या या आंतरराष्ट्रीय संस्थांजवळ ना पोलीस, ना तुरुंग. मग त्यांचा उपयोग काय?" नागरिकशास्त्र शिकविण्यात माझी उमेद गेली, पण त्या वेळी चटकन उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

आपल्या कोकणात गावच्या पंचांजवळ तरी पोलीस कुठे होते? तरीही चारचौघांत विचारणा होईल या धाकाने पुष्कळांचे पाऊल आवरले जाई. राष्ट्रांचेही बरेचसे असेच आहे. ही विचारणा दोन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण संयुक्त राष्ट्रसंघ. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा ३० कलमी जाहीरनामा मंजूर झाला. पहिल्या कलमाच्या मसुद्यातील इंग्रजी शब्दाचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होई. त्या जागी 'सर्व मानव' हे शब्द यावेत असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. पुढे जाहीरनाम्यातून बंधनकारक करार निघाले. करारावर सही करून तो मंजूर करणाऱ्या राष्ट्राने ठराविक मुदतीने लेखी अहवाल द्यावयाचा आणि तज्ज्ञांच्या समितीने त्याला उघडपणे प्रश्न विचारावयाचे, अशी रीत आहे. वंशभेदाविरुद्धचा १९६५ चा करार ब्रिटनने १९६९ साली मंजूर केला. मात्र त्याखाली एकट्या नागरिकाने समितीकडे तक्रार नेण्याची मुभा ब्रिटनने दिलेली नाही.

दुसरे ठिकाण फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग. तेथील न्यायालय 'कौन्सिल ऑफ युरोप' या संस्थेचे आहे. युरोपियन युनियनचे नव्हे. त्यामुळे २०२० साली ब्रिटन युनियनबाहेर पडले तरी हे दार उघडेच राहिले. आज ४६ राष्ट्रे या संस्थेत आहेत. येथे एकटा माणूस स्वतःच्या सरकारविरुद्ध उभा राहू शकतो. ब्रिटनने ही मुभा १९६६ साली दिली, आणि तिचा उपयोग आपल्यासारख्याच लोकांनी केला. त्याची दोन उदाहरणे पाहू.

१९६८ साली केनियातील भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन इकडे येऊ लागले. तेव्हा पार्लमेंटने अवघ्या काही दिवसांत कायदा केला : ज्यांचे स्वतःचे, आईबापांचे किंवा आजीआजोबांचे या देशाशी जन्माने वा नागरिकत्वाने नाते नाही, त्यांना मुक्त प्रवेश नाही. पासपोर्ट तोच, पण दार बंद! आपल्याच देशात प्रवेश मिळण्याचा हक्क ज्या पुरवणी करारात आहे, तो ब्रिटनने मंजूर केलेला नव्हता. मग ३१ अर्जदारांच्या वतीने दुसरा मुद्दा मांडला गेला : वंशावरून असे उघडपणे वेगळे काढणे ही मानहानीकारक वागणूक आहे. त्या काळी अर्ज प्रथम मानवी हक्क आयोगाकडे जात. आयोगाने १९७३ च्या अहवालात त्यांपैकी २५ जणांच्या बाबतीत हे म्हणणे मान्य केले. पण प्रकरण मंत्र्यांच्या समितीपुढे गेले आणि तेथे आवश्यक बहुमत जमले नाही. १९७७ साली, अर्जदारांना आता प्रवेश मिळाला आहे, असे नमूद करून समितीने प्रकरण मिटविले. अहवाल मात्र १९९४ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. म्हणजे माणसांना घर मिळाले, पण चारचौघांतली विचारणा पेटीत बंद राहिली.

दुसरे उदाहरण आपल्या लेकीसुनांचे. १९८० च्या नियमांनुसार येथे स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणे सोपे, पण स्त्रीला नवरा आणणे कठीण होते. माझ्या परिचयातील एका मुलीचा नवरा त्या काळी ठाण्यात अडकून पडला होता. ती इकडे पत्रांची वाट पाहत नोकरी करी. मलावी, फिलिपीन्स व इजिप्त येथे जन्मलेल्या तीन स्त्रिया स्ट्रासबूर्गला गेल्या. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की हा स्त्रीपुरुष भेदभाव आहे. वंशभेदाचा आरोप मात्र न्यायालयाने मानला नाही. सरकारने निकाल पाळला, पण कसा? नवऱ्यांचे नियम सैल न करता बायकांचे कडक केले! समता आली, पण दार आणखी अरुंद झाले. म्हणून निकाल लागल्यावरही त्याच्या अंमलबजावणीवर डोळा ठेवावा लागतो. त्यासाठी मंत्र्यांची समिती आजही आहे.

आता व्यवहाराचे सांगतो. प्रथम येथील न्यायालयांचे मार्ग संपवावे लागतात. १९९८ चा मानवी हक्क कायदा २००० पासून अमलात आल्यामुळे बहुतेक तक्रारी येथेच ऐकल्या जातात. त्यापुढे स्ट्रासबूर्गला जावयाचे तर मुदत शेवटच्या निकालापासून चार महिने. २०२२ पूर्वी ती सहा महिने होती. तेव्हा प्रत्येक कागद, प्रत्येक नकार तारखेसह जपून ठेवावा.

मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : या संस्था आपण होऊन कोणाच्या दारी येत नाहीत. कोणीतरी साधा माणूस लेखी तक्रार घेऊन उभा राहतो, तेव्हाच पंच बसतात.

उजळणीसाठी प्रश्न :
१. स्ट्रासबूर्गचे न्यायालय कोणत्या संस्थेचे आहे?
२. १९८५ च्या निकालाने स्त्रियांना काय मिळाले, आणि काय मिळाले नाही?