पहिला प्रोजेक्ट कानाला पटणारा हवा

प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या दृष्टिहीन मुलामुलींचे फोन मला नेहमी येतात. ‘सर, पायथन शिकू की जावा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. लॅपटॉप कोणता घ्यायचा, हा पालकांचा. या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: पहिला प्रोजेक्ट कोणता करायचा? भाषा पुढे बदलता येते, लॅपटॉपही बदलता येतो. पहिल्या प्रोजेक्टमुळे मनात जे बसतं, ते मात्र लवकर निघत नाही. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, प्रोग्रॅमिंगवरच माझं घर चालतं, आणि नव्याने शिकणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी शिकवतोही. त्या अनुभवातून हे सांगतो आहे.

मी शिकलो तो क्लास चांगला होता. बॅचमध्ये मी एकटाच दृष्टिहीन, पण प्रवेश देताना सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. शेजारी बसून समजावून सांगायचे. पहिला प्रोजेक्ट सगळ्यांना एकच होता, कॅल्क्युलेटर. एक विंडो, तिच्यात आकड्यांची बटणं, वर उत्तराची पट्टी. पायथनबरोबरच येणारी टीकिंटर ही लायब्ररी वापरायची. कोड मी इतरांसारखाच लिहिला आणि चालवला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने विंडोचं नाव वाचलं आणि तो गप्प झाला. टॅब दाबला, काही नाही. बाण दाबले, काही नाही. शेजारचा मित्र म्हणाला, ‘अरे, मस्त आलंय की!’ त्याने माउसने बटणं दाबून पाहिली आणि ‘सात अधिक पाच बारा, बरोबर येतंय’ असं मला सांगितलं. सरांनी पाठ थोपटली, पूर्ण गुण दिले. त्या गुणांबरोबर मी एक गोष्ट मात्र चुकीची शिकलो: प्रोग्रॅम आपण लिहायचा आणि तो चालतो की नाही, हे दुसऱ्याने सांगायचं.

कारण तांत्रिक होतं, ते पुढे कळलं. टीकिंटर पडद्यावर बटण दाखवते. पण ‘हे बटण आहे आणि याचं नाव सात आहे’ ही माहिती स्क्रीन रीडरपर्यंत पोचेल अशा रीतीने ती विंडोजला देत नव्हती. पायथनसोबत मिळणारा आयडल हा एडिटरही टीकिंटरवरच उभा आहे. म्हणजे नवशिक्यांच्या पुस्तकात जो एडिटर आधी उघडायला सांगतात, तोच आपल्या कानाला मुका. ज्यांना हे कारण कुणी सांगितलं नाही, अशी कितीतरी हुशार मुलं ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून दुसरीकडे वळलेली मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती. प्रोजेक्टची निवड चुकली होती.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. पहिला प्रोजेक्ट असा हवा की तो बरोबर झाला की चुकला, हे शिकणाऱ्याला कुणालाही न विचारता स्वतःच्या कानाने किंवा बोटाने कळलं पाहिजे. प्रोग्रॅमिंग म्हणजे लिहिणं, चालवणं, चूक पकडणं, दुरुस्त करणं आणि पुन्हा चालवणं. यातला चूक पकडण्याचा टप्पा दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवला, की उरतं ते फक्त टायपिंग.

या कसोटीवर आपल्याकडचे नेहमीचे प्रोजेक्ट घासून पाहा. लूप शिकवायला तारकांचा पिरॅमिड देतात. त्यात ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागांनी आकार येतो, आणि स्क्रीन रीडर त्या जागा एरवी सांगतच नाही. शिकणाऱ्याला ऐकू येतात ते फक्त ‘स्टार’. टर्टल वापरून चौकोन आणि फुलं काढणं, रंग बदलणारी विंडो, चेंडू उडवणारा गेम यांचंही तेच. लहान मुलांसाठी लोकप्रिय असलेल्या स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांना जोडायचे असतात, त्यामुळे तिथे सुरुवातच अडते. त्या वयासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हाताने जोडायचे खरेखुरे ठोकळे तयार केले. वायरने एकमेकांना जोडले की ते आवाज, गोष्ट किंवा गाणं वाजवतात. कोड जंपर नावाने ते आता अमेरिकेतल्या अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेकडून मिळतात. ते सगळीकडे मिळतील असं नाही. पण कल्पना घेण्यासारखी आहे: निकाल हाताला आणि कानाला मिळाला पाहिजे.

‘दृष्टिहीन आहे ना, मग आवाजाचा गेम करू दे’ असंही शिक्षक आपुलकीने सुचवतात. पहिल्याच खेपेला तो नको. त्यात आवाजाच्या फाइली, वेळेचं गणित, की दाबल्याची नोंद, वेगळी लायब्ररी असं सगळं एकदम अंगावर येतं. तसंच स्वतः बोलणारा प्रोग्रॅम. प्रोग्रॅमने प्रिंट केलेली ओळ स्क्रीन रीडर वाचतोच. त्यात प्रोग्रॅमही बोलू लागला की दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि धड एकही कळत नाही. आवाजाशी खेळायचंच असेल, तर विंडोजवर पायथनमधलं विनसाउंड पुरतं. किती हर्ट्झचा सूर किती मिलिसेकंद वाजवायचा एवढं सांगितलं की झालं. आठवड्याचं तापमान सुरांत ऐकवणारा प्रोग्रॅम त्यातून छान होतो, पण तो दुसरा किंवा तिसरा प्रोजेक्ट म्हणून.

मग पहिला कोणता? मी पाढ्यांपासून सुरुवात करायला सांगतो. आपल्याकडे पाढे तोंडपाठ असतात. अंधशाळेतल्या मुलांचे तर विशेष पक्के. वापरणाऱ्याकडून एक आकडा घ्यायचा आणि त्याचा पाढा दाखवायचा, एवढंच. पायथनमध्ये एक ते दहा मोजायचं असेल, तर शेवटची मर्यादा अकरा द्यावी लागते, कारण शेवटचा आकडा धरला जात नाही. नवशिका हमखास दहा देतो. मग बाराचा पाढा एकशे आठवर थांबतो आणि कान लगेच विचारतो, एकशे वीस कुठे गेले? ही चूक कुणी दाखवावी लागत नाही. प्रोग्रॅमिंगमधली अतिशय नेहमीची चूक शिकणारा स्वतः पकडतो, स्वतः दुरुस्त करतो. तेवढं झालं की निमकी आणि दिडकी, म्हणजे अर्ध्याचा आणि दीडचा पाढा, घ्यायला सांगावं. दशांश आपोआप समजतात. नंतर प्रोग्रॅमनेच पाढा विचारायचा आणि उत्तर तपासायचं. त्यात अटी आल्या, गुण मोजणं आलं, आकड्याऐवजी भलतंच टाइप केलं तर काय करायचं हेही आलं.

दुसरा माझ्या आवडीचा प्रोजेक्ट म्हणजे खोलीवरचा हिशेब. हॉस्टेलला किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या तो कामाचा आहे. समजा, तिघं एकत्र राहतात. एकाने भाजीला ३६० रुपये दिले, दुसऱ्याने दुधाला १८०, तिसऱ्याने काहीच नाही. एकूण ५४०, प्रत्येकाच्या वाट्याला १८०. म्हणजे पहिल्याला १८० यायचे, दुसरा चुकता, तिसऱ्याने १८० द्यायचे. तोंडी हिशेब आधी करावा आणि मग प्रोग्रॅमचं उत्तर ऐकावं. माणसं वाढली, खर्च वाढले तरी एक कसोटी कायम राहते: सगळ्यांचं येणं-देणं एकत्र केलं की शून्यच यायला हवं. ही तपासणी प्रोग्रॅमलाच करायला लावली, की पुढे मोठ्या कंपनीत ‘टेस्टिंग’ म्हणून जे काम करावं लागतं त्याची ओळख इथेच होते.

ब्रेल येणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय आहे. अक्षर टाइप केलं की त्याची टिंबं सांगणारा प्रोग्रॅम करायचा: अ म्हणजे १, ब म्हणजे १-२, क म्हणजे १-३. इथे निकाल बोटांना आधीच पाठ असतो. शिवाय वर्गातल्या डोळस मुलांना जे माहीत नाही, ते दृष्टिहीन विद्यार्थ्याला माहीत असतं. तो त्यांना समजावून सांगतो. शिकण्यात या मानाची फार गरज असते.

प्रोजेक्ट निवडला की हत्यारं लावून घ्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, आणि त्याचा दृष्टिहीन मित्र जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीएचा बराचसा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो. मूळ सेटिंगमध्ये एनव्हीडीए कंस, कोलन, अवतरणचिन्हं बऱ्याचदा वाचत नाही. एनव्हीडीए की धरून पी दाबत राहा आणि विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’वर आणा. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे याला अर्थ असतो. त्यासाठी डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये इंडेंटेशन सांगण्याचा पर्याय चालू करा. ते बोलून सांगता येतं किंवा सुराने. सूर निवडला तर ओळ जितकी आत, तितका सूर चढा. काही आठवड्यांत कोडचा उतार-चढाव कानाला पाठ होतो.

एडिटर म्हणून सुरुवातीला साधं नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्ट पुरेसं आहे. पुढे व्हीएस कोड घ्या. त्यात कंट्रोल जी दाबून थेट हव्या त्या ओळीवर जाता येतं आणि एफ ८ दाबून पुढच्या चुकीवर. एरर आली की घाबरून पूर्ण ऐकत बसू नका. पायथन चुकीचा प्रकार शेवटच्या ओळीत सांगतो आणि ओळीचा क्रमांक त्याच्या थोडा वर. आधी शेवटची ओळ ऐका, मग क्रमांक शोधा. मराठी मजकूर वापरायचा असेल, तर फाइल उघडताना एनकोडिंग यूटीएफ-८ असं लिहा, नाहीतर विंडोजवर अक्षरांचा चुथडा होतो. उत्तर फाइलमध्ये लिहून नोटपॅडमध्ये मराठी आवाजाने वाचा. प्रोग्रॅम तीस-चाळीस ओळींत बसेल एवढाच ठेवा. डोळस माणूस नजर टाकून वर काय लिहिलंय ते पाहतो, आपल्याला ते डोक्यात धरावं लागतं. म्हणून छोटी फंक्शन्स करा, नावं अशी द्या की ऐकताना एकमेकांत गल्लत होणार नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. प्रोजेक्ट देण्याआधी माउस बाजूला काढा, मॉनिटर बंद करा, एनव्हीडीए चालू करा आणि तो प्रोजेक्ट स्वतः करून बघा. सुरुवातीला वेळ लागेल, पण कुठे अडतं ते तुम्हाला नेमकं कळेल. शिकवताना ‘इथे’, ‘हे बघ’ असं न म्हणता ओळीचा क्रमांक सांगा. विद्यार्थी अडला तर त्याचा की-बोर्ड ओढून घेऊ नका. आणि प्रोजेक्ट जमत नाही म्हणून त्याच्या जागी थिअरीचे प्रश्न देऊन गुण देऊ नका. त्याला गुण नको असतात, काम हवं असतं.

पालक विचारतात, ‘असे नुसत्या आकड्यांचे प्रोजेक्ट करून मुलगा मागे नाही का पडणार?’ अजिबात नाही. पाया झाला की विंडो, बटणं, वेबसाइट सगळं करता येतं. डब्ल्यूएक्स पायथन ही लायब्ररी विंडोजची स्वतःची बटणं वापरते, म्हणून स्क्रीन रीडर ती नावासकट वाचतो. एनव्हीडीएच्या सेटिंगच्या खिडक्याही तिच्यातच बांधलेल्या आहेत. वेबपेजवर प्रत्येक रकान्याला नीट लेबल दिलं, तर तेही वाचलं जातं. मर्यादा कुठवर आहे हे पाहायचं असेल, तर पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांच्याकडे पाहा. लहानपणी दृष्टी गेली, पुणे विद्यापीठात गणित शिकले, आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्स केलं, आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली ती अवघड गणितं कानाने वाचता येतील अशा प्रणालीवर. पुढे त्यांनी ईमॅकस्पीक लिहिलं. त्यात कोडमधले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या आवाजात ऐकू येतात. ऐकून काम करणाऱ्याला नेमकं काय हवं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तेव्हा सुरुवात करणाऱ्यांनो, पहिला प्रोजेक्ट निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. याचं उत्तर मला ऐकून किंवा स्पर्शाने तपासता येईल का? बरोबर उत्तर काय, हे मला आधीच माहीत आहे का? उद्या माझ्या घरात, वर्गात किंवा खोलीवर कुणाला याचा उपयोग होईल का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर लगेच बसा. एखादं ‘नाही’ असेल, तर कुणी कितीही आग्रह केला तरी शिक्षकांना नम्रपणे दुसरा प्रोजेक्ट मागा. तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.