गजावरची खूण

सावंतवाडी तालुक्यातील आमच्या गावी रानडुकरांपासून भाताची राखण करण्याकरिता ठासणीची बंदूक बाळगणे ही कित्येक घरांची जुनी वहिवाट असून, 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातही पीकसंरक्षणार्थ अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु परवान्यात नाव दाखल झाले की बार भरण्याची अक्कलही सरकारातून मिळते, असा जो माझ्या चुलतबंधूंचा समज आहे, तो गेल्या भाद्रपदात माझ्या जिवावर बेतला असता.

रात्रीच्या राखणीहून परतल्यावर त्यांनी बंदूक ओटीवर टेकवली आणि ती रिकामी असल्याचे सांगितले. कोणाच्याही शब्दावर बंदूक रिकामी मानण्याचा माझा परिपाठ नसल्याने, सायंकाळी बार भरण्यापूर्वी मी नळीत गज सोडला. तो, वडिलांनी कानशीने पाडलेल्या रिकाम्या नळीच्या खुणेहून चांगला वीतभर वर उभा राहिला. एका बाराने तो चार बोटे वर राहतो! पहिली केप वाजूनही बार पेटला नाही, म्हणून या महाशयांनी त्यावरच दुसरा ठासला होता, आणि तोवर डुकरे निघून गेल्यामुळे केप काढून घेतली, एवढ्यावर त्यांच्या लेखी बंदूक रिकामी झाली होती. रात्रभर नळीत पाणी भरून दारू भिजवली, पेचाच्या गजाने चिंध्या ओढल्या, आणि परातीत छऱ्यांचे दोन थर पडले. त्यावर तंबाखू मळीत यांचा सवाल: "उडली नाय मा? मग कित्याक बोंब मारतस?" शिवाय मी दारूच्या वासालाही भितो, अशी माझी कीर्ती देवळात पसरवली ती निराळीच.

म्हणून सांगतो, गजावर रिकाम्या नळीची आणि भरल्या बाराची अशा दोन खुणा प्रत्येकाने पाडाव्यात. केप वाजून बार न उडाल्यास नळी मोकळ्या रानाकडे धरून निदान मिनिटभर थांबावे, मग सुईने कान साफ करून नवी केप लावावी. वरून दुसरा बार कदापि ठासू नये. दारू मापाने ओतावी, शिंगातून थेट नव्हे, कारण नळीत ठिणगी शिल्लक असेल तर अख्खे शिंग हातातच पेटते. ठासताना तोंड नळीवर आणि तळवा गजाच्या टोकावर नसावा. छऱ्यांची चिंधी दारूला भिडलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. काडतूस फोडून त्यातील धूरविरहित दारू भरणाराशी तर बोलण्यातच अर्थ नाही. मुलांपासून दूर ठेवावी वगैरे सर्वांना ठाऊकच आहे.

बंधूंचे नाव परवान्यातून कमी करण्याचा अर्ज मी दिला आहे. तोवर केपांची डबी माझ्या कडीकुलपात राहील. देवळात काय सांगायचे ते त्यांनी खुशाल सांगावे.