परिचारिका विद्यार्थिनींचे अध्ययन व चिकित्सक विचार

पिरनवाडी हे बेळगाव-खानापूर मार्गावरील गाव. मराठी माध्यमात शिकलेली येथील मुलगी बेळगावच्या परिचर्या महाविद्यालयात प्रवेश घेते, तेव्हा तिच्यापुढे एकदम तीन भाषा उभ्या राहतात. पुस्तक इंग्रजीत, रुग्ण कानडी वा मराठी बोलणारा, आणि तिचा स्वतःचा विचार मराठीत चालणारा. चार वर्षांची पदवी संपादून कुशल परिचारिका व्हावे, हे तिचे ध्येय असते. इंग्रजीचे दडपण आले की ती पाठांतराचा आश्रय घेते. यात दोष तिचा थोडाच असतो.

शिकण्याची रीत प्रत्येकीची निराळी असते, असे म्हटले जाते. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनुभव, चिंतन, संकल्पना व प्रयोग असे अध्ययनाचे चक्र मांडले व त्यावरून चार शैली सांगितल्या. तथापि शैली ओळखून तिला जुळणारे अध्यापन केल्यास यश वाढते, यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ साली काढला. म्हणून ‘ही ऐकून शिकणारी, ती पाहून शिकणारी’ अशी वर्गवारी शिक्षकांनी करू नये. चारही पायऱ्या प्रत्येकीला चढावयाच्या असतात.

एक उदाहरण घेऊ. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे. नळीतून २० थेंबांत एक मिलिलिटर द्रव जातो. म्हणजे २४० मिनिटांत १०,००० थेंब, मिनिटाला सुमारे ४२. हे गणित पाठ करता येते. परंतु रुग्ण वृद्ध आहे, त्याचे हृदय दुर्बल आहे आणि सलाईन चालू असता त्याला धाप लागली, तर? केवळ गणित जाणणारी विद्यार्थिनी ४२ थेंब मोजत राहील. विचार करणारी मात्र धाप का लागली हे स्वतःला विचारील, रुग्णास उठवून बसवील, थेंब मंद करील व डॉक्टरांना तत्काळ कळवील. यालाच चिकित्सक विचार म्हणतात, आणि परीक्षेतील गुणांइतकेच ध्येयप्राप्तीचे माप येथेही लागते.

वॉर्डातील फेरीनंतर शिक्षिकेने ‘काय केले?’ याबरोबर ‘का केले?’ हेही विचारावे. उत्तर प्रथम मराठीत किंवा कानडीत येऊ द्यावे. कारण स्पष्ट झाल्यावर तेच इंग्रजीत लिहून घ्यावे. यास दहा मिनिटे अधिक लागतात. वेळापत्रक आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी तेवढी सवड ठेवावी.