‘फाइव्ह स्टार’ घ्यायचा, पण कोणत्या घरात?

एसी घ्यायला दुकानात गेलात की विक्रेता पहिल्याच वाक्यात सांगतो, “फाइव्ह स्टारच घ्या साहेब, बिलात वसूल होतो.” होतो, पण सगळ्यांच्या नाही.

हे तारे देण्याची पद्धत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून हा ब्यूरो आला आणि २००६ पासून लेबले दिसू लागली. ताऱ्यांखाली बारीक अक्षरात वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो. पैशांचा हिशेब तिथून सुरू करायचा. एसीसाठी तो वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो.

समजा, दीड टनी थ्री स्टारवर ९७५ युनिट लिहिले आहेत आणि फाइव्ह स्टारवर ७५०. फरक २२५ युनिटांचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २,२५० रुपये वाचतात. किमतीत ९,००० रुपयांचा फरक असेल तर चार वर्षांत फिटला. मुंबईच्या दमटात सात-आठ महिने रोज रात्री एसी लावणाऱ्याने बिनधास्त फाइव्ह स्टार घ्यावा. पुण्यात मात्र एप्रिल-मेच्या साठ रात्री, आठ-आठ तास, म्हणजे ४८० तासच होतात. बचत उरते ६७५ रुपये आणि वसुलीला लागतात तेरा वर्षे. तोवर एसी टिकला तर नशीब! अशा घराने थ्री स्टार घेऊन उरलेल्या पैशांत खिडकीला जाड पडदे लावावेत.

दर १०च का? आपला दर बिलातच शोधा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर आणि ३०० नंतर दर चढतो. वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून सरासरी दर धरू नका. त्या टप्प्याच्या वीज आकारात वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवा. स्थिर आकार सोडून द्या. कितीही दिवे मालवले तरी तो हलत नाही.

फ्रिजला हा तासांचा घोळ नाही. तो बारा महिने चोवीस तास चालतो, त्यामुळे लेबलवरचे युनिट थेट दराने गुणावेत.

माझ्या मते खरा फायदा छताला लटकलेला असतो. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) मोटरचा साधारण ३० वॉटचा. रोज १२ तास आणि वर्षात ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट, म्हणजे १,६२० रुपये वाचतात. दोन्हींच्या किमतीत हजार-दीड हजाराचा फरक असेल तर तो वर्षभरातच निघतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारे सक्तीचे आहेत, तरी गिऱ्हाईक अजून रंग आणि पाती बघूनच पंखा उचलते. (आमच्याकडेही दोन तसेच आले.)

पैसे देण्याआधी लेबलवरची मुदत वाचा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा बरेच फाइव्ह स्टार एसी फोर स्टारवर आले. जुना माल जुन्या ताऱ्यांसह कोपऱ्यात उभा असेल, तर ताऱ्यांची किंमत न देता युनिट बघून घासाघीस करावी.