फक्त ईमेल आणि पासवर्ड टाका: आपल्या डोमेनच्या मेलचा ऑटो सेटअप

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं आणि त्यावर इन्फो, सेल्स, अकाउंट्स असे मेल आयडी काढले. आता ते आयडी स्टाफच्या लॅपटॉपवर आणि फोनवर बसवायचे. इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. जीमेलचा आयडी टाकला की पासवर्ड विचारला जातो आणि मेल सुरू. आपल्या डोमेनचा आयडी टाकला की मात्र समोर फॉर्म येतो: इनकमिंग सर्व्हर कोणता, पोर्ट किती, एसएसएल की स्टार्टटीएलएस, युजरनेम काय. काउंटरवरच्या मुलाला हे कसं कळणार? तो तुम्हाला फोन करतो आणि तुम्ही समोरचं गिऱ्हाईक सोडून पोर्ट नंबर सांगत बसता.

नुसता वेळच जातो असं नाही. त्या फॉर्ममध्ये आयमॅपच्या जागी पॉप निवडलं गेलं, तर मेल त्या एकाच लॅपटॉपवर उतरतात आणि 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' ही खूण नसेल तर सर्व्हरवरून पुसलेही जातात. कोटेशन मागणारा मेल तुमच्या फोनवर मग दिसतच नाही. तो माणूस दोन दिवस वाट बघतो आणि दुसरीकडे ऑर्डर देतो. एन्क्रिप्शनच्या जागी 'काही नाही' निवडलं, तर कॅफेच्या वायफायवर पासवर्ड उघडा जाऊ शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही सेटिंग्ज माणसाच्या हातात द्यायचीच नाहीत. ती डोमेनवर ठेवायची.

हे चालतं कसं? मेल ॲप तुमच्या आयडीतला ॲटच्या पुढचा भाग, म्हणजे डोमेन घेतं आणि ठरलेल्या पत्त्यांवर जाऊन विचारतं की इथली सेटिंग्ज काय आहेत. थंडरबर्ड 'ऑटोकॉन्फिग' या सबडोमेनवर एक छोटी एक्सएमएल फाईल शोधतं. आउटलुक 'ऑटोडिस्कव्हर' या नावाने शोधतं. उत्तर मिळालं तर फॉर्म आपोआप भरतो. थंडरबर्डला तुमच्याकडे काहीच सापडलं नाही, तर ते मोझिलाच्या यादीत बघतं आणि तिथेही नसेल तर चक्क अंदाज लावतं: आयमॅप, मेल, एसएमटीपी अशी नावं तुमच्या डोमेनपुढे लावून बघायची. अंदाज कधी बरोबर येतो, कधी नाही. (या सगळ्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, तिथूनच उतरवून घ्या.)

आधी तुमचा मेल कुठे आहे ते बघा. गूगल वर्कस्पेस किंवा झोहो असेल, तर बहुतेक ॲप्स त्यांना ओळखतात, फार काही करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एकच सीनेम रेकॉर्ड लागतं: ऑटोडिस्कव्हर हे नाव 'ऑटोडिस्कव्हर.आउटलुक.कॉम'कडे वळवायचं. दोन मिनिटांचं काम. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांचा मेल वेबसाईटच्याच सीपॅनल होस्टिंगवर आहे. छोट्या दुकानदारांमध्ये असे भरपूर आहेत.

सीपॅनल ही दोन्ही नावं सहसा स्वतःच तयार करतं. मग अडतं कुठे? डीएनएसमध्ये. वेबसाईट करणाऱ्याने साईट फास्ट व्हावी म्हणून नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरवर नेलेले असतात, किंवा ते डोमेन जिथून घेतलं तिथेच राहिलेले असतात. आता सीपॅनलमध्ये कितीही रेकॉर्ड असली तरी जगाला ती दिसत नाहीत. दुकानाची खरी वही एकीकडे आणि नोंद दुसऱ्याच वहीत, असा प्रकार.

म्हणून पहिलं काम: डोमेन जिथून घेतलं त्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते बघा. ते होस्टिंगचे नसतील, तर सीपॅनलच्या झोन एडिटरमधून मेल, ऑटोकॉन्फिग आणि ऑटोडिस्कव्हर ही तीन रेकॉर्ड बघून जिथे चालू डीएनएस आहे तिथे तशीच भरा. क्लाउडफ्लेअरवर 'मेल' या नावापुढचा ढग केशरी नको, राखाडी हवा. केशरी ढग म्हणजे ट्रॅफिक त्यांच्या प्रॉक्सीतून जातो आणि ती प्रॉक्सी वेबसाईटसाठी आहे, मेलचे ९९३ आणि ४६५ हे पोर्ट तिच्यातून जात नाहीत. बाकी दोन नावांनाही मी राखाडीच ठेवायला सांगतो, डोक्याला ताप कमी.

यानंतर, आधी नाही, सीपॅनलमध्ये ऑटोएसएसएल चालवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नाव सर्व्हरपर्यंत पोचतंय का हे तपासूनच सर्टिफिकेट मिळतं. यादीत मेल आणि ऑटोडिस्कव्हर या नावांपुढे हिरवी खूण आली पाहिजे. नाही आली तर आउटलुक 'सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही' असा इशारा दाखवतं. तेव्हा स्टाफला 'येस दाब आणि पुढे जा' असं कधीच सांगू नका. एकदा ती सवय लागली की खऱ्या धोक्याच्या वेळीही तो येसच दाबणार.

ज्यांच्याकडे सीपॅनल नाही, स्वतःचा सर्व्हर आहे, त्यांनी ऑटोकॉन्फिगची फाईल हाताने लिहायची. तिच्यात मोजक्या गोष्टी असतात: इनकमिंग आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल, आउटगोइंग एसएमटीपी, पोर्ट ४६५, एसएसएल, आणि युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता की ॲटच्या अलीकडचा भाग. या शेवटच्या गोष्टीवर जास्त लोक अडकतात. पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नसेल तर आधी युजरनेम तपासा.

ॲपलचं वेगळं आहे. आयफोनसाठी सीपॅनलमध्ये त्या मेल आयडीसमोर 'कनेक्ट डिव्हाइसेस' आहे, तिथून प्रोफाइल डाउनलोड होते. ती उघडून सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केली की पासवर्ड टाकायचाच काय तो बाकी. मात्र कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रोफाइल टाकायची नाही, फक्त आपल्या पॅनलमधली. अँड्रॉइडवर जीमेल ॲपमध्ये बऱ्याचदा हातानेच भरावं लागतं. त्यासाठी सर्व्हरचं नाव, दोन पोर्ट, एसएसएल आणि पूर्ण ईमेल एवढं एका कार्डावर छापून काउंटरखाली चिकटवा. पासवर्ड त्यावर नको, हे सांगायची गरज नसावी, पण मी पाहिलेलं आहे.

आता तपासणी. ब्राउझरमध्ये ऑटोकॉन्फिग सबडोमेनवरचा फाईलचा पूर्ण पत्ता उघडा. तुमच्या सर्व्हरचं नाव आणि पोर्ट असलेला मजकूर दिसला पाहिजे. मग थंडरबर्डमध्ये एक आयडी नव्याने जोडा आणि सेटिंग्ज सापडल्यावर येणारी ओळ नीट वाचा. तुमच्या ईमेल पुरवठादाराकडून सेटिंग्ज मिळाली असं लिहिलं असेल तर काम झालं. नेहमीची नावं वापरून बघितली असं असेल, तर तो अंदाज आहे, तुमची फाईल त्याला सापडलेली नाही. मेल चालू झाला म्हणून खूश होऊन बरेच जण इथेच थांबतात.

एक प्रश्न हमखास येतो: याने आपले मेल स्पॅममध्ये जायचे थांबतील का? नाही. ते एसपीएफ आणि डीकेआयएमचं काम, त्याचा व्हिडिओ वेगळा आहे.

सर्व्हरचं नाव देताना होस्टिंगवाल्याचं लांबलचक नाव न देता आपलं 'मेल.' असलेलं नाव द्या. ॲप ही सेटिंग्ज खातं जोडताना वाचतं; नंतर तुम्ही फाईल बदललीत तरी जुन्या लॅपटॉपवर सहसा फरक पडत नाही. उद्या होस्टिंग बदललं आणि सगळीकडे जुन्या कंपनीचं नाव बसलेलं असलं, तर प्रत्येक फोन हातात घ्यावा लागेल. आपलं नाव असेल तर एक रेकॉर्ड बदलायचं. त्याआधी नव्या जागी तेच आयडी त्याच पासवर्डने तयार ठेवा, जुने मेल हलवा आणि एक दिवस आधी त्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पोचेल. सर्टिफिकेट नव्या सर्व्हरवर निघेपर्यंत इशारे दिसू शकतात, त्यामुळे हे काम दुकान बंद झाल्यावर, शक्यतो साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री करा.